लस की मिठाचं पाणी

९ जानेवारी, मंगळवार

सही करून आले! घरी कुणाला न विचारता. आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून ही वही.

झालं असं – सातव्या महिन्याच्या तपासणीला गेले होते. बाकावर बसले होते तर एक डॉक्टरीणबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. उभ्या राहून नाही – शेजारी बसून बोलल्या. "तुमचं पहिलं बाळ गेलं ना, त्याबद्दल थोडं बोलायचंय. बोलू का?" तीन वर्षांत दवाखान्यातल्या कुणी आपणहून तो विषय काढला नव्हता. सगळे फाइलमध्ये तेवढी ओळ वाचतात आणि पान उलटतात.

ती दोन दिवस होती. पहिल्या दिवशी छान दूध प्यायली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिईना. मग कण्हायला लागली – एवढंसं बाळ, म्हाताऱ्या माणसासारखं कण्हत होतं. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. मागाहून कळलं की जंतू होता. स्ट्रेप्टोकोकस नावाचा. माझ्याच अंगातून तिच्याकडे गेलेला. कितीतरी बायकांच्या अंगात तो असतो म्हणे, त्यांना ताप नाही की खोकला नाही, पत्तासुद्धा नसतो. मलाही नव्हता.

बाई म्हणाल्या, आता त्याच्यावर लस येतेय. अजून दुकानात नाही, तपासून बघणं चाललंय. आईला द्यायची, बाळासाठी. मी म्हटलं, "मला समजेल असं सांगा. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते." त्या हसल्या. मग सांगितलं – या जंतूच्या अंगावर साखरेचं एक आवरण असतं. आपल्या शरीराला ती साखर दिसते, पण ते तिच्याकडे नीट लक्षच देत नाही. म्हणून ही साखर एका प्रथिनाला जोडायची. ते प्रथिन मात्र शरीर लगेच ओळखतं, खडबडून जागं होतं, आणि त्याच्याबरोबर साखरही लक्षात ठेवतं. मग अँटीबॉडी तयार होतात, त्या वारेतून, नाळेवाटे बाळात उतरतात. बाळ जन्माला येतं ते आईची शिदोरी घेऊनच.

इथवर ऐकूनच मी हो म्हटलं असतं! पण पुढे – निम्म्या बायकांना लस मिळणार, निम्म्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार. बाईंना माहीत नसणार, टोचणाऱ्या सिस्टरला माहीत नसणार, मला तर नाहीच. सगळ्यांची बाळं मोठी होऊन हिशेब लागेपर्यंत.

"मला खरीच द्या ना," असं मी म्हणून गेले. लहान मुलीसारखं. त्या म्हणाल्या, "माझ्या हातात असतं तर सगळ्यांनाच दिली असती."

तरी सही केली. निम्मी तर निम्मी.


१० जानेवारी

जेवताना सांगितलं. नवरा जेवायचा थांबला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला बिघाड म्हणजे मीटर लावून सापडणारी गोष्ट वाटते. "म्हणजे तुला काय दिलं ते तुलाच सांगणार नाहीत? हा कसला प्रकार? मी एखाद्या लिफ्टला नवा दोर घातला की नाही ते सांगितलंच नाही, तर माणसं चढतील का आत?"

सासूबाई शांतपणे ताटातलं संपवत होत्या. मग म्हणाल्या, "नाहीतरी आपण चढलोयच की लिफ्टमध्ये. सातवा महिना चाललाय तिचा."

नवऱ्याने ताट उचललं आणि नळाखाली घासत बसला. नळ कितीतरी वेळ चालू होता. पहिलीबद्दल तो बोलत नाही. एक अक्षर नाही.


२२ जानेवारी

टोचलं! डावा दंड. सिस्टरने सुईच्या नळीभोवती कागद गुंडाळला होता, आतला रंग दिसू नये म्हणून. तरी मी मान वाकडी करकरून बघितलं. काही दिसलं नाही.

त्याआधी रक्त काढलं. पुढच्या महिन्यात परत काढणार, मग बाळंतपणात, आणि नाळेतलंही. तुलना करायला – आधी किती अँटीबॉडी, नंतर किती.

टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. शेजारच्या खुर्चीत एक उंच, आडव्या हाडाची बाई. माझ्याच पुढेमागे दिवस. तिलाही आत्ताच टोचलेलं. ती सिटी बस चालवते! आता पोट स्टिअरिंगला लागायला लागलं म्हणून तिला तिकिटाच्या खिडकीत बसवलंय, त्याचा तिला भयंकर राग. "दिवसभर सुट्टे द्या, सुट्टे द्या. यापेक्षा चढावर बंद पडलेली बस परवडली." तिचंही पहिलंच नाही – आधी एकदा पोटातच गेलं होतं. हे तिने इतक्या सहज सांगितलं की मीही माझं सांगून टाकलं. तीन वर्षांत पहिल्यांदा एका अनोळखी माणसाला, खुर्चीत बसून, कापसाचा बोळा दंडावर दाबून.

ती ऐकत होती. "गेलं", "देवाघरी" असलं काही बोलली नाही. तिने विचारलं, "कशी दिसायची?"

मी म्हटलं, "कपाळ मोठं होतं. नवऱ्यावर गेली होती."


२३ जानेवारी

दंड दुखतोय! जाम दुखतोय. हात वर होत नाही. म्हणजे खरी लसच!!


२४ जानेवारी

बाईंना फोन केला. "मिठाचं पाणी टोचलं तरी दुखतं," म्हणाल्या. प्रेमानेच म्हणाल्या. पण माझा फुगा फुटला.

बसवालीला फोन केला. तिचा हात जराही दुखत नाही. ती खो-खो हसली – "घे, म्हणजे मला नळाचं पाणी. तू राणी, मी पाणी!" मीही हसले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मला खरी मिळावी असं म्हणताना दुसऱ्या कुणाला तरी पाणी मिळावं, असंच मी म्हणतेय. तसं नाहीये म्हणे. बाईंनी सांगितलंय, दोघींची चिठ्ठी वेगवेगळी निघते, एकीला हे म्हणून दुसरीला ते असं नसतं. पण मनाला कुठे कळतं?


३० जानेवारी

नवऱ्याने नवीन टूम काढली. बाहेर रक्त तपासून घेऊ, अँटीबॉडी आहेत की नाहीत ते बघू, विषय संपला. तीन लॅबमध्ये विचारून आला. हे कुणीच तपासत नाही. एकाने विचारलं म्हणे, "कसला जंतू? परत सांगा."

विचार करून डोकं भणभणतं. माझं रक्त माझ्या अंगात आहे. त्यात उत्तर आहे. त्यांच्या फ्रिजमध्येही माझ्या रक्ताची बाटली आहे, तिच्यातही उत्तर आहे. आणि मी दुकानात बसून लोकांना विचारतेय – आता स्पष्ट दिसतंय का?


४ फेब्रुवारी

सुट्टी. बसवाली घरी आली होती. सासूबाईंशी तिचं असं जमलं की मी आपली बाजूला! सासूबाईंनी तिला विचारलं, एवढी मोठी बस वळवायला भीती नाही का वाटत. ती म्हणाली, "वळवताना नाही वाटत मावशी. मागून कुणी ढकललं तर वाटते."

तिचा नवरा दूर बोटीवर कामाला, चार-चार महिने येत नाही. सासूबाई म्हणाल्या, "मग बाळंतपणाला आम्ही येऊ. फोन कर फक्त." ती जाताना दारात म्हणाली, "तुझी सासू मला देतेस का बदली?"


९ फेब्रुवारी

बसवालीचा फोन. आठवा नुकताच लागलाय, आणि पाणी गेलं! तिकिटाच्या खिडकीतच. सासूबाई चप्पल घालून रिक्षाने निघाल्यासुद्धा. मला म्हणाल्या, "तू यायचं नाहीस. घरात बस."

बसलेय.


१० फेब्रुवारी

मुलगी झाली. फारच लहान. इतक्या भराभर झालं की हातात सलाइन लागून औषध आत जायला वेळच मिळाला नाही. हे औषध वेळेवर मिळालं तर जंतू बहुतेक वेळा बाळाकडे जात नाही. वेळेवर मिळालं तर! माझ्या वेळीही नव्हतं मिळालं. तेव्हा तर जंतू आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

पेटीत ठेवलंय. श्वास ठीक आहे म्हणतात.


११ फेब्रुवारी

कण्हतेय.

सासूबाईंनी मला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला स्वयंपाकघरात हळूच सांगत होत्या, ते मी ऐकलं. तो एकच शब्द.


१३ फेब्रुवारी

तोच जंतू. रक्तात आणि मेंदूच्या आवरणातही. पाठीतून पाणी काढून तपासलं. एवढ्याशा पाठीतून.

मला कुणी जाऊ देत नाही. नवरा म्हणतो, तू जाऊन काय करणार आहेस? खरंच – काय करणार आहे? दुकानात एका माणसाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. त्याने घातला, म्हणाला, सगळं तिरकं दिसतंय.


१९ फेब्रुवारी

आज गेलेच. नवऱ्याला सांगितलं, अडवलंस तर चालत जाईन. तो सोडायला आला आणि खाली फाटकाशी थांबला. वर आला नाही. त्या मजल्यावर तो येऊच शकत नाही, मला ठाऊक आहे.

काचेतून बघितलं. नाकात नळी, हाताला फळीचा तुकडा बांधलेला, सुई हलू नये म्हणून. पण जिवंत आहे. औषधाने ताप उतरलाय. डॉक्टर "बघू" म्हणतात. पहिलीच्या वेळी कुणी बघूसुद्धा म्हणालं नव्हतं.

बसवाली बाकावर बसली होती. आठ दिवसांत अर्धी झालीये. मला बघून आधी पोटावर हात ठेवला – माझ्या पोटावर. "बाळ कसं आहे? हलतं ना?" तिचं बाळ आत तसं पडलेलं, आणि ती माझ्या बाळाचं विचारतेय.

मग तीच म्हणाली, "अगं, माझी चिठ्ठी उघडली त्यांनी. एवढी आजारी पडली म्हणून कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मी विचारलं तेव्हा सांगितलं. पाणीच होतं. म्हटलं नव्हतं मी तुला?"

आणि माझा हात घट्ट धरून – "तुला खरी असणार बघ. तुझा दंड केवढा सुजला होता! तू घाबरू नकोस. ऐकलंस? अजिबात घाबरायचं नाही."

मी रडले. तिने माझी पाठ चोळली. कुणी कुणाची पाठ चोळायला हवी होती!


२० फेब्रुवारी

इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. काल जिना उतरताना मला बरं वाटलं. सुटल्यासारखं. तिला पाणी – म्हणजे मला लस. चिठ्ठ्या वेगवेगळ्या हे ठाऊक असूनही. ती वर बाकावर बसलेली आणि मी खाली उतरताना हलकी होत गेले! फाटकाशी नवऱ्याने विचारलं, काय झालं, हसतेस का? मी म्हटलं, कुठे हसतेय.


२३ फेब्रुवारी

दुसरं रक्त दिलं. बाईंना विचारलं, तिला पाणी होतं तर मला लस असण्याची शक्यता वाढते ना? त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिचं काय होतं ते मी तुमच्याशी बोलू शकत नाही. आणि काहीही असलं तरी तुमचं त्यावरून कळत नाही." मग म्हणाल्या, "लस मिळाली तरी प्रत्येकीचं शरीर सारखं वागत नाही. कुणाच्या रक्तात खूप अँटीबॉडी तयार होतात, कुणाच्या कमी. आणि त्या बाळापर्यंत पोचायलाही दिवस लागतात."

हे मला ऐकायचं नव्हतं. लस म्हणजे लस – एवढंच मला हवं होतं.


८ मार्च

बसवालीच्या मुलीची नळी काढली. स्वतः दूध पितेय, चमच्याने. सासूबाई रोज डबा घेऊन जातात. मी एक दिवसाआड जायचे, आता आठवड्यातून एकदा जाते. पाय दुखतात म्हणून सांगते. पाय दुखत नाहीत. तिच्यासमोर माझं मोठं पोट घेऊन उभं राहवत नाही.


२९ मार्च

नवरा आज अचानक पहिलीबद्दल बोलला. चहा गाळत होता. पाठमोराच. "तिला मी एकदाच घेतलं होतं. तुम्ही दोघी झोपला होतात तेव्हा. तिने माझं बोट धरलं होतं."

एवढंच. मग चहा दिला. साखर घालायला विसरला होता. मी तसाच प्यायले.


११ एप्रिल

दुकानात मशीनवर काच लावली होती आणि पाणी गेलं. लगोलग रिक्षा. सलाइन लावलं, औषध सुरू झालं, निदान चार तास हवेत म्हणे. मी घड्याळाकडे बघत कळा सोसत होते – थांब रे, थांब, अजून थोडं थांब! सिस्टर म्हणाली, "बाई, सगळ्या म्हणतात लवकर होऊ दे, तुम्ही काय थांब थांब करताय!"

थांबला नाही. मुलगा. जोरात रडला. औषधाला पुरेसा वेळ मिळाला नाहीच.

नाळेतलं रक्त घेऊन गेले.


१२ एप्रिल

पितोय. छान पितोय. पहिल्या दिवशी तीही प्यायली होती.


१३ एप्रिल

सकाळी पिईना!

तोंडाला लावलं की मान फिरवतो. झोपाळलेला. सिस्टरला बोलवायला नवरा धावत गेला. डॉक्टर आले, रक्त घेतलं, पेटीत नेलं. तोच मजला. नवरा वर आला या वेळी. भिंतीला टेकून उभा होता, घामाने शर्ट ओला.

रक्तात जंतू वाढतो का हे कळायला दोन दिवस लागतात. तोवर औषध चालू ठेवतात, आणि थांबायचं. मी विचारलं, तोवर मी काय करू? डॉक्टर म्हणाले, आराम करा.

आराम!

मनात एकच घोकतेय – लस आहे, माझी लस आहे त्याच्यात. तिला पाणी होतं, मला लस होती. हे जपासारखं म्हणतेय. बसवालीची मुलगी अजूनही त्याच मजल्यावर आहे, चार पेट्या सोडून. ती दार ढकलून आली, माझ्या पायाशी बसली. मला म्हणाली, "म्हण पुन्हा. मला लस होती." मी म्हटलं. "पुन्हा." तिने मला दहा वेळा तरी म्हणायला लावलं असेल, श्वास लागेपर्यंत लावलं आणि मग माझ्याबरोबर स्वतःही म्हणत राहिली – "हिला लस होती."


१४ एप्रिल

काही नाही. थांबलेय.


१५ एप्रिल

जंतू नाही! नाही! रक्त स्वच्छ! नुसती कावीळ. कावीळ झालेली बाळं झोपाळू होतात, पीत नाहीत. दिव्याखाली ठेवलंय, डोळ्यांवर पट्टी, समुद्रकिनाऱ्यावर पहुडलेल्या शेठजीसारखा दिसतोय. संध्याकाळी प्यायला. एवढं प्यायला की नाकातून आलं.

नवरा जिन्यात बसून रडला. सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रड. दोघांसाठी रड." तीन वर्षं साठलेलं होतं.


२ मे

दोघीही एकाच आठवड्यात घरी आलो. तिची आता पावणेतीन किलो. माझा साडेतीन.


१८ मे

बसवालीच्या मुलीची कानांची तपासणी झाली. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. काहीच नाही. मेंदूज्वराने आतली नसच गेलीये.

तिने हे फोनवर सांगितलं. मध्येच ती मुलीशीही बोलत होती. "आले हं बाळा, आले, मावशीशी बोलतेय." मग मला म्हणाली, "सवय आहे, जाणार नाही. जायला तरी कशाला हवी?"

मी फोन ठेवला आणि मुलाच्या कानाशी टिचकी वाजवली. तो दचकला. पुन्हा वाजवली. पुन्हा दचकला. सासूबाई ओरडल्या, काय चाललंय तुझं!


२५ जून

तिच्याकडे जात नाही. सासूबाई जातात. मी माझ्या मुलाला तिच्यासमोर नेऊ कशी? तो आवाजाकडे मान वळवतो. दार वाजलं तरी हसतो. त्याच्या अंगात जे आहे ते तिच्या मुलीच्या वाट्याला यायला हवं होतं. कॉम्प्युटरने माझ्या बाजूने नाणं टाकलं. मी चोरी केलेली नाही. पण माल माझ्या घरात आहे.

सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग काय, मुलगा तिला देऊन येतेस? नाही ना? मग जा आणि तिची भांडी घासून ये."


२७ जून

गेले. भांडी घासली. ती बघत राहिली, म्हणाली, "ही कुठली पूजा मांडलीस?" मग दोघी हसलो. मुलगी ओठांकडे बघते. डोळे असे लावते की बोलणाराच बावरेल.


१४ ऑक्टोबर

ती परत बसवर रुजू झाली. मुलीला दिवसा सासूबाई सांभाळतात, आमच्याकडेच. दोघं एका चादरीवर. हा किंचाळतो, ती ढिम्म. मग ती याचे केस ओढते, आणि हा आणखी किंचाळतो. तिच्या कानात ऐकू येण्याचं यंत्र बसवायचं ऑपरेशन व्हायचंय, पुढच्या वर्षी. चालेल की नाही, कुणी सांगत नाही. बघू म्हणतात.


१६ जानेवारी

बाईंनी बोलावलं होतं. आमच्या तुकडीचं उघडलं.

मला मिठाचं पाणी.

मी दोनदा विचारलं. त्यांनी स्क्रीन फिरवून दाखवला. टोचण्याआधीच्या रक्तात अँटीबॉडी जवळजवळ नाहीत. महिन्यानंतर – तेवढ्याच. नाळेतल्या रक्तात – नाहीत म्हटलं तरी चालेल. म्हणजे तो रिकाम्या हाताने आला होता. मी ज्याचा जप करत होते ते त्याच्या अंगात कधीच नव्हतं!

"मग तो वाचला कसा?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "थोडं औषध गेलं होतं. जंतू कदाचित त्याच्यापर्यंत गेलाच नसेल. बहुतेक बाळांना काही होत नाही. ज्याला होतं त्यालाच का, ते एकेका बाळाचं सांगता येत नाही. हजारोंचं मिळून सांगता येतं – आणि तिथे लसवाल्यांच्या रक्तात चांगला फरक दिसतोय."

हजारोंचं ऐकून बरं वाटलं. खरंच वाटलं. पण मी आपली एकच.

घरी येऊन त्याच्याकडे बघत बसले. बादलीत हात घालून पाणी उडवत होता. आत्ता भीती वाटतेय, नऊ महिन्यांनी. आणि त्याच वेळी – छातीवरचा दगड उतरलाय. माझ्याकडे तिचं काहीच नव्हतं! आम्ही दोघी सारख्याच. उद्या तिला सांगायचं.


१७ जानेवारी

सांगितलं. म्हटलं, "मलाही पाणीच होतं गं. आपण दोघी पाणीवाल्या."

ती मुलीच्या पायात मोजा चढवत होती. चढवून झाला तरी पाय सोडला नाही.

"मला लस होती," ती म्हणाली. "लागूही पडली होती. रक्तात अँटीबॉडी भरपूर झाल्या होत्या, परवाच आकडे दाखवले. हिच्यात उतरायच्या आत ही बाहेर आली."

मग माझ्याकडे न बघता – "तेव्हा तुझे दिवस भरत होते. तुला कसं सांगणार होते मी?"